शेगडी घेण्याआधी कढई उलटी करून बघा

नव्या फ्लॅटचं किचन ठरवताना बोलणं सुरू होतं ते ओट्याच्या रंगापासून. ग्रॅनाइट काळा घ्यायचा की क्वार्ट्झ पांढरा, ट्रॉल्या कुठल्या, चिमणी केवढी. शेगडीचा नंबर शेवटी लागतो, आणि तीही दुकानात उभ्याउभ्या ठरते: काच किती चकचकीत आहे, बर्नर तीन की चार. माझं म्हणणं असं की दुकानाची पायरी चढण्याआधी घरातच दोन गोष्टी बघून घ्याव्यात. फ्रिजवरचं एखादं लोहचुंबक काढून रोजच्या भांड्यांच्या बुडाला लावून पाहायचं, आणि ओट्याजवळचा प्लग सहा अँपिअरचा आहे की सोळाचा, हे तपासायचं. निम्मा निर्णय तिथेच होऊन जातो.

कारण शेगडी असो वा ओव्हन, खरा प्रश्न एकच असतो. उष्णता अन्नापर्यंत कुठल्या वाटेने पोचते?

गॅसवर ती ज्योतीतून येते. जळालेले गरम वायू भांड्याच्या बुडाला चाटून बाजूने वर निघून जातात आणि जाता जाता काही उष्णता भांड्याला देतात. आपल्याकडच्या आयएस 4246 या मानकानुसार घरगुती एलपीजी शेगडीची औष्णिक कार्यक्षमता किमान 68 टक्के हवी. हा आकडा प्रयोगशाळेतला, म्हणजे ठरावीक मापाच्या भांड्यात पाणी तापवून काढलेला. घरी चहाच्या छोट्या पातेल्याखाली मोठा बर्नर फुल्ल लावला की ज्योत पातेल्याच्या कडेने वर येते आणि हिशेब 50-55 टक्क्यांवर, कधी त्याच्याही खाली येतो. उरलेली उष्णता कुठे जाते हे मे महिन्यात पोळ्या लाटणाऱ्या कुणालाही विचारावं.

उष्णतेबरोबर आणखी एक गोष्ट स्वयंपाकघरात येते, ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एक किलो एलपीजी जळाला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. म्हणजे 14.2 किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत बावीसेक लिटर पाणी नुसत्या ज्योतीतून हवेत मिसळलेलं असतं. डाळ-भाताची वाफ वेगळीच. शिवाय ज्योतीच्या उष्णतेने हवेतल्याच नायट्रोजनचं थोडं ऑक्सिडीकरण होऊन नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो, आणि तो श्वसनमार्गाला त्रासदायक असतो. फोडणी नसली तरी गॅस पेटवल्यावर एक्झॉस्ट फॅन लावावा, तो यासाठी. ज्योत निळी असली की गॅसला पुरेशी हवा मिळते आहे असं समजावं. ती सतत पिवळी दिसू लागली आणि पातेल्यांची बुडं काळी व्हायला लागली, तर ज्वलन अर्धवट होतंय. पिवळा रंग म्हणजे तापून चमकणारे काजळीचे कण. अशा वेळी बर्नरची भोकं टाचणीने साफ करावीत, आणि तरी फरक पडला नाही तर मेकॅनिकला बोलवावं.

मुंबई-पुण्यात पाइपचा गॅस आलेल्यांनी एक गोष्ट जास्तीची विचारावी. पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन. एक घनमीटर मिथेनमध्ये जेवढी ऊर्जा असते, त्याच्या अडीचपट तेवढ्याच एलपीजीमध्ये असते, कारण प्रोपेन-ब्युटेनचे रेणू मोठे. म्हणून दोन्हींचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोट्या, वेगळे असतात; पीएनजीचं, म्हणजे पाइपच्या गॅसचं, भोक मोठं. एलपीजीची शेगडी तशीच पाइपला जोडली तर ज्योत मरतुकडी येते. उलटं केलं तर गॅस गरजेपेक्षा जास्त सुटून पिवळी, उंच, धोक्याची ज्योत येते. ओट्यात कापून बसवलेला चार बर्नरचा हॉब घेणार असाल तर जेट बदलून मिळतात का आणि ते कोण बदलून देणार, हे बिल होण्याआधी विचारलेलं बरं.

गॅसच्या हॉबमध्ये जास्तीचे पैसे मोजावेत असं मला एकाच सोयीसाठी वाटतं. ज्योत विझली की गॅस आपोआप बंद करणारं उपकरण, जे दुकानदार एफएफडी या नावाने ओळखतात. बर्नरशेजारी करंगळीच्या टोकापेक्षाही बारीक अशी एक धातूची कांडी उभी दिसते. ही थर्मोकपल. दोन वेगळ्या धातूंचा जोड एका टोकाला तापला की त्यातून किंचित विद्युतदाब निर्माण होतो. भौतिकशास्त्रज्ञ सीबेकने 1821 मध्ये नोंदवलेला हा परिणाम. दाब मिळतो जेमतेम काही मिलिव्होल्ट, पण त्या जोरावर एक छोटा विद्युतचुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. दूध उतू गेलं, ज्योत विझली, कांडी थंड झाली की चुंबकाची पकड सुटते आणि स्प्रिंग झडप बंद करते. ना बॅटरी, ना सेन्सरची चिप. असा हॉब पेटवताना नॉब दोन-चार सेकंद दाबून धरावा लागतो, तो ती कांडी तापेपर्यंतच. अनेक जण हा बिघाड समजून तक्रार करतात. आणि हे उपकरण नसलेल्या चकचकीत हॉबला त्याच भावात चौथा बर्नर मिळतो म्हणून आपण खूश होतो, ही आपल्या खरेदीची गंमत आहे.

आता इंडक्शन. इथे ज्योतही नाही आणि तापलेली तारही नाही. काचेखाली तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं. आपल्या घरची वीज सेकंदाला 100 वेळा दिशा बदलते. या वेटोळ्यात ती 40 हजारांहून जास्त वेळा बदलते. फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं तसं, बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या धातूत वीज खेळवतं. ही वीज भांड्याच्या बुडातच गोल गोल फिरते आणि बूड तापतं. म्हणजे इथे भांडं हाच चुलीचा भाग झाला. दिलेल्या विजेपैकी 85 टक्क्यांच्या आसपास उष्णता भांड्यात उतरते. गॅसचा मोठा बर्नर दोनेक किलोवॅटचा असतो, पण पाण्यापर्यंत पोचतात त्यातले एक-सव्वा. 2,000 वॅटचं इंडक्शन साधारण 1,700 पोचवतं. चहाचं आधण लवकर येतं ते यामुळे.

आणि म्हणून ते लोहचुंबक. लोखंडासारख्या चुंबकीय धातूत इतक्या वेगाने बदलणारी वीज पृष्ठभागाच्या एक दशांश मिलिमीटरपेक्षाही पातळ थरात कोंबली जाते. अरुंद वाट, जास्त विरोध, जास्त उष्णता. ॲल्युमिनियममध्ये तीच वीज अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पसरते, आणि ॲल्युमिनियम मुळातच विजेला फारसा विरोध करत नाही. त्यामुळे जर्मनची पातेली, हिंडालियमची कढई, पितळी पातेलं, तांब्याच्या बुडाचे टोप हे सगळं इंडक्शनवर बाद. स्टीलचं सांगता येत नाही. 304 जातीचं स्टील जवळपास अचुंबकीय, 430 चुंबकीय, आणि दिसायला दोन्ही सारखीच. कुकरच्या बुडाला चुंबक चिकटलं तर कुकर चालेल, नाही चिकटलं तर बदलावा लागेल. ओळीने सगळी भांडी उलटी करून ठेवा आणि किती चिकटतात ते मोजा. निम्म्याहून जास्त गळाली, तर इंडक्शनच्या किमतीत नव्या भांड्यांची किंमत मिळवूनच तुलना करायला हवी.

कढईचा प्रश्न वेगळा. गोल बुडाची लोखंडी कढई चुंबकाला घट्ट चिकटेल, पण इंडक्शनवर तिचं टेकणं रुपयाएवढ्या जागेत. वेटोळ्यापासून काही मिलिमीटर दूर गेलं तरी क्षेत्र झपाट्याने क्षीण होतं, त्यामुळे कढईच्या बाजू थंड राहतात, आणि पुष्कळदा भांडं ठेवलंय हेच यंत्राला कळत नाही. पातळ लोखंडी तव्याचंही जपून. फुल्ल पॉवरवर त्याचा मधला भाग क्षणात तापून फुगतो, कडा थंडच असतात, आणि तवा वाकतो. बीडाचा जाड तवा मध्यम आचेवर पाच मिनिटं आधी ठेवला तर डोसे छान होतात.

स्वस्त इंडक्शनची एक खोड दुकानात कळत नाही. मंद आच मागितली तर ते खरोखर मंद होत नाही. काही सेकंद जोरात चालतं, काही सेकंद बंद पडतं आणि सरासरी जुळवतं. डाळीला फरक पडत नाही. बासुंदी आटवायला घेतली की कळतं: दूध उसळतं, थांबतं, पुन्हा उसळतं आणि खाली लागतं. पातेल्यात पेलाभर पाणी घेऊन सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवून बघा. बुडबुडे एकसारखे येत राहिले तर यंत्र चांगलं. लाटेसारखे येऊन बंद होत असतील तर आटवण्याची कामं त्यावर करू नयेत.

आणि भाकरी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे भाकरीला ताण धरून ठेवणारं जाळं नाही. ती फुगते ती वेगावर. तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवला की तो पृष्ठभाग ओला आणि लवचिक राहतो; खालची बाजू सुकून पापुद्रा धरते. उलटून दुसरी बाजू भाजली आणि मग सरळ आचेवर धरली, की आतल्या पाण्याची वाफ एकदम होते आणि दोन पापुद्रे सुटतात. ज्योतीचं तापमान हजार अंशांच्या वर असतं, तव्याचं दोनशे-अडीचशे. हा फरक भाकरीला कळतो. इंडक्शनच्या तव्यावर फडक्याने दाबत दाबत भाकरी फुगवता येते, फुगवणाऱ्या हाताला सवय असली तर. वांगं मात्र भाजता येत नाही, आणि ओव्हनमध्ये भाजलेल्या वांग्याच्या भरताला तो धुरकट वास येत नाही. काचेखाली लालभडक होणारी इन्फ्रारेड शेगडी गॅस आणि इंडक्शन या दोहोंच्या मधली. तिला कुठलंही भांडं चालतं, जाळी ठेवून फुलका किंवा पापडही भाजता येतो. पण काच आधी तापणार आणि मग भांडं, त्यामुळे वीज इंडक्शनपेक्षा जास्त जाते, आणि बंद केल्यावरही काच बराच वेळ चटका देत राहते. घरात लहान मूल असेल तर विचार करावा.

पैशांचं गणित लोक फार अवघड करतात. 14.2 किलो एलपीजीत साधारण 180 युनिट विजेइतकी ऊर्जा असते. गॅसची रोजच्या वापरातली कार्यक्षमता 55-60 टक्के आणि इंडक्शनची 85 धरली, तर एका सिलिंडरचं काम करायला 120 युनिटांच्या आसपास वीज लागते. तेव्हा सिलिंडरच्या किमतीला 120 ने भागा. आलेला आकडा तुमच्या विजेच्या दरापेक्षा मोठा असेल तर इंडक्शन स्वस्त, लहान असेल तर गॅस. फक्त दर बघताना शेवटच्या टप्प्याचा बघा. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर 100, 300, 500 युनिटांच्या टप्प्यांनी चढतात, आणि इंडक्शनची युनिटं बिलाच्या वरच्या टोकालाच जाऊन बसतात.

ओव्हनच्या बाबतीत गोंधळ जास्त, कारण एकाच शब्दाखाली दोन अगदी वेगळी यंत्रं विकली जातात. मायक्रोवेव्ह 2.45 गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतो. रेथिऑन कंपनीत रडारच्या नळ्यांवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सरने 1945 मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला. या लहरींच्या तालावर पाण्याचे रेणू इकडून तिकडे वळायला बघतात, शेजाऱ्यांना धडकतात आणि अन्न तापतं. पाणी असेपर्यंत तापमान शंभरच्या आसपासच राहतं. बिस्किटाचा खमंग तपकिरी रंग ज्या मैलार्ड अभिक्रियेतून येतो, ती जोर धरते साधारण 140 अंशांच्या पुढे. म्हणून साध्या मायक्रोवेव्हमध्ये केक फुगतो, पण पांढराफटक आणि चामट होतो. शेंगदाणे आणि रवा मात्र त्यात सुरेख भाजले जातात, कारण त्यांच्यात पाणी थोडंच असतं. ते उडून गेलं की तापमान शंभरच्या वर चढतं. थांबून थांबून हलवत राहिलं म्हणजे झालं.

दुसरं यंत्र ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिलर. हा खरा भट्टीचा वंशज. वर-खाली तापणाऱ्या कांड्या, मधे जाळी. आधी दहा-पंधरा मिनिटं तापवावा लागतो, पण नानकटाई, खारी, पाव हे त्याचंच काम. ओटीजी घेताना एकच गोष्ट बघावी: वरची आणि खालची कांडी वेगवेगळी लावता येते का. गोव्याची बेबिंक हे त्याचं उत्तम उदाहरण. पीठ, नारळाचं दूध, अंड्यांचा बलक, तूप आणि साखरेचा एक थर ओतायचा, तो वरून लालसर भाजायचा, मग दुसरा ओतायचा. पूर्वी भांड्यावर झाकण ठेवून त्यावर नारळाच्या सोडणांचे निखारे रचत, म्हणजे उष्णता वरूनच मिळे आणि खालचे झालेले थर करपत नसत. ओटीजीत फक्त वरची कांडी लावली की तेच साधतं. दोन्ही एकदमच लागणाऱ्या स्वस्त ओटीजीत पाचव्या थरापर्यंत पहिला कोळसा झालेला असतो. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह दोन्ही कामं करतो, दोन्ही बऱ्यापैकी. जागा कमी असेल तर तोच घ्यावा. एअर फ्रायर म्हणजे जोरदार पंख्याचा छोटा ओव्हन, त्यात तळण होत नाही. भिंतीत बसवायचे मोठे ओव्हन आठवड्याला एकदा तरी भाजकाम होणाऱ्या घरांनीच घ्यावेत.

मला विचाराल तर बहुतेक मराठी घरांना दोन-तीन बर्नरचा एफएफडीवाला गॅस आणि शेजारी एक सुटं इंडक्शन पुरतं. भाकरी, वांगं, कढई गॅसवर. चहा, दूध, कुकर, पास्ता इंडक्शनवर. चार खणांचा पूर्ण इंडक्शन हॉब सात किलोवॅटपर्यंत वीज मागतो, म्हणजे तीस अँपिअर, आणि अनेक जुन्या सोसायट्यांत अख्ख्या घराचा मंजूर भारही तेवढा नसतो. एकट्या 2,000 वॅटच्या इंडक्शनला 230 व्होल्टवर पावणेनऊ अँपिअर लागतात, म्हणजे सहाचा प्लग चालणारच नाही, आणि नेहमीच्या इन्व्हर्टरवरही ते चालवता येत नाही. ओटीजी आणि इंडक्शन एकाच सोळाच्या लाइनवर असले आणि दोन्ही एकदम लावले, की भार सोळाच्या वर जाऊन एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की लाइन तोडणारा स्विच, पडू शकतो, आणि तो नेमका केक निम्मा फुगलेला असतानाच पडतो. दोघांना बोर्डापासून दोन वेगळ्या वायरी ओढायला सांगायचं ते इलेक्ट्रिशियनला, आणि तेही टाइल्स लागण्याआधी.