मॉडेलमधला नियम टेबलाला ठाऊक असतो का?

वाचनालयाचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं, की पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत ‘सभासद’ नावाचा क्लास, म्हणजे माहितीचा साचा, करायचा. जँगोत यालाच मॉडेल म्हणतात. नाव, मोबाइल, वर्गणीचा प्रकार. जँगो या पायथॉनमधल्या तयार सांगाड्याला (फ्रेमवर्कला) दोन कमांड दिल्या, की डेटाबेसमध्ये तशाच रकान्यांचं टेबल तयार! क्लास आणि टेबल यांच्यातला हा दुभाषा म्हणजे ओआरएम (ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर). संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेली ओळी-रकान्यांची रचना एकीकडे, ऑब्जेक्टच्या भाषेत विचार करणारा प्रोग्रामर दुसरीकडे. दोघांची गाठ तो घालून देतो. मला ही सोय मनापासून आवडते. पण क्लासमध्ये लिहिलेलं सगळंच तो टेबलापर्यंत पोचवत नाही, हे नवख्यांना कुणीतरी आधीच सांगायला हवं.

वर्गणीचा प्रकार घ्या. क्लासमध्ये ‘चॉइसेस’ देऊन ‘मासिक’ आणि ‘वार्षिक’ एवढेच पर्याय ठेवले. फॉर्म भरणाऱ्याला तिसरं काही निवडता येत नाही. टेबलात मात्र तो रकाना साध्या मजकुराचाच असतो. उद्या कुणी जुन्या सभासदांची यादी एसक्यूएलने, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या भाषेत, थेट टेबलात ओतली आणि तीत ‘वार्षीक’ असं दीर्घ लिहिलेलं असलं, तर डेटाबेस ते निमूट घेतो. मग वार्षिक सभासद मोजताना ती माणसं गळतात आणि एररही येत नाही. नियम टेबलातच हवा असेल, तर ‘चेक कन्स्ट्रेंट’ वेगळा लिहावा लागतो. ‘डिफॉल्ट’चं, म्हणजे काही न भरल्यास आपोआप येणाऱ्या मूल्याचंही तसंच. ते मूल्य पायथॉन भरतं, टेबल नाही. टेबलाने भरावं यासाठीची सोय जँगोत ५.० आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०२३ मध्ये आली.

नावाच्या लांबीची अडचण तर खास आपल्या देवनागरीची. ‘ज्ञानेश्वर’ ही आपल्या लेखी चार अक्षरं. युनिकोडच्या हिशेबात दहा चिन्हं, कारण काना, मात्रा, पाय मोडल्याची खूण सगळं वेगळं मोजलं जातं. रकान्याला वीसची मर्यादा घातली, की वडिलांचं नाव आणि आडनाव लिहायला जागा पुरत नाही. त्यातून लॅपटॉपवर एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस असेल, तर तो ही मर्यादा पाळतच नाही. सर्व्हरवरचा पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस मात्र एरर देतो.

‘मोबाइल’ या रकान्याचं ‘फोन’ केलं, की जँगो विचारतो, नाव बदललंय का? नुसतं एंटर दाबलं तर उत्तर ‘नाही’ धरलं जातं. मग मायग्रेशन, म्हणजे टेबलातले बदल करणारी जँगोची फाइल, जुना रकाना सगळ्या नंबरांसकट काढून टाकतं आणि रिकामा नवा जोडतं. म्हणून मायग्रेट करण्याआधी मी ‘एसक्यूएलमायग्रेट’ ही कमांड चालवून खरं एसक्यूएल वाचतो. त्यात ‘ड्रॉप कॉलम’ (रकाना काढून टाक) दिसलं, की हात थांबतो.