‘कुत्रं पिसाळलेलं होतं का?’: दहा दिवसांच्या नियमामागचा इतिहास

कुत्रं चावलं की माणसं आमच्याकडे, म्हणजे जनावरांच्या दवाखान्यातसुद्धा येतात. प्रश्न ठरलेला असतो: ‘साहेब, कुत्रं पिसाळलेलं होतं का?’ पुढचं वाक्यही बऱ्याचदा ठरलेलं: ‘पोरांनी मारलं त्याला आणि ओढ्यात फेकून दिलं.’ मग कुत्रं कसं होतं, कुठून आलं, किती जणांवर धावलं हे सांगतात, फोनमधला फोटो दाखवतात आणि माझ्या होय-नाहीची वाट बघत उभे राहतात. माझ्या त्या एका शब्दावर रेबीजचं, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाचं, इंजेक्शन घ्यायचं की नाही ते ठरणार असतं. चावलेलं कुत्रं दहा दिवस जगतं का ते बघायचं, आधी कुत्र्याचा निवाडा, मग माणसाचा उपचार, ही सवय आपल्याला कुठून लागली, यामागे मोठा इतिहास आहे. त्यातला निम्मा भाग कळला तरी काही जीव वाचतील असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात फार जुनी आहे. मेसोपोटेमियातल्या एश्नुन्ना या नगराच्या कायद्यात, म्हणजे साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वी, पिसाळलेल्या कुत्र्याच्या मालकाला ताकीद देऊनही त्याने कुत्रं आवरलं नाही आणि ते चावून माणूस मेला, तर ४० शेकेल चांदीचा दंड सांगितला आहे. म्हणजे हे कुत्रं वेगळं ओळखता येतं आणि ते चावलं की माणूस मरतो, या दोन्ही गोष्टी तेव्हाच्या लोकांना पक्क्या ठाऊक होत्या. पुढे खुद्द अ‍ॅरिस्टॉटलने मात्र लिहून ठेवलं, की वेडं कुत्रं चावलं तर इतर जनावरांना रोग होतो, माणसाला होत नाही. एवढ्या मोठ्या माणसाची एवढी मोठी चूक.

आपल्याकडचं वर्णन त्याहून कितीतरी नेमकं आहे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात कुत्रा, कोल्हा, तरस, अस्वल, वाघ यांना हा रोग झाला की ते कसे दिसतात ते एका श्लोकात येतं: शेपूट, जबडा आणि खांदे खाली लोंबलेले, तोंडातून भरपूर लाळ, कानांनी ऐकू येत नाही, डोळ्यांना दिसत नाही आणि ती एकमेकांच्या अंगावर धावतात. चावलेल्या माणसाला पाण्यात किंवा आरशात त्याच जनावराचं रूप दिसू लागलं, तर ते मरणाचं चिन्ह समजावं, असंही तिथे सांगितलं आहे. पाण्याला घाबरण्याच्या अवस्थेला ‘जलत्रास’ हा शब्द तिथलाच. या वर्णनातला लोंबलेला जबडा मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण बाकीचं सगळं लोकांच्या लक्षात राहिलं आणि नेमकं हेच विसरलं गेलं.

मराठीतला ‘पिसाळणे’ हा शब्द ‘पिसे’ म्हणजे वेड याच्याच घरातला. त्यामुळे आपल्या मनात चित्र उभं राहतं ते सैरावैरा धावणाऱ्या, दिसेल त्याला फाडणाऱ्या कुत्र्याचं. तसं कुत्रं असतंच. ते चालत सुटतं, वाटेत येईल त्याला चावतं, दगड, लाकूड, माती, काहीही खातं. पण रोगाचं दुसरं रूप मुकं असतं. कुत्रं कोपऱ्यात जाऊन बसतं, हाकेला येत नाही, आवाज बदलतो, घोगरा होतो. मग खालचा जबडा लुळा पडतो, तोंड उघडंच राहतं, लाळ गळते, गिळता येत नाही. पुढे मागचे पाय जातात. चावायला ते जातच नाही.

असंच एक कुत्रं मी कडब्याच्या गंजीच्या सावलीत पाहिलं. शेताचे मालक, सत्तरीतले आबा, त्याच्यासमोर उकिडवे बसले होते आणि त्यांचा उजवा हात मनगटापर्यंत कुत्र्याच्या तोंडात होता. ‘हाड अडकलंय डॉक्टर, दोन दिस झाले भाकरीला तोंड लावलं नाही.’ मी ओरडलो तेव्हा त्यांनी हात काढला. बोटांवर काटेरी कुंपणाचे ताजे ओरखडे होते. नळाखाली कपड्याच्या साबणाने घड्याळ लावून पंधरा मिनिटं हात धुवायला लावला, तर म्हातारबाबा चिडले: ‘अहो, चावलं कुठंय ते मला?’ खरंच चावलं नव्हतं. पण ओरखड्यावर लाळ लागली तर ती चाव्याइतकीच वाईट. आबांना लस आणि सीरम, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं, मिळालं. कुत्रं तिसऱ्या दिवशी मेलं. डोकं बर्फात घालून पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं, अहवाल रेबीजचा आला. आबा आजही शेतात जातात.

आणखी एक गैरसमज या रोगाच्या ‘जलत्रास’ या नावातूनच आला. माणूस पाण्याला घाबरतो, म्हणून कुत्रंही घाबरत असणार असं लोकांनी धरलं आणि पाण्याची वाटी पुढे ठेवून परीक्षा सुरू झाली. प्यायलं म्हणजे चांगलं, नाही प्यायलं म्हणजे पिसाळलेलं. विल्यम यूअट हा इंग्रज पशुवैद्य एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कानीकपाळी ओरडून सांगत होता, की पिसाळलेल्या कुत्र्याला पाण्याची भीती नसते. उलट घसा लुळा पडल्यामुळे ते तहानेलं राहतं आणि तोंड पाण्यात खुपसतं. दोनशे वर्षं होत आली, तरी वाटीची परीक्षा अजून चालू आहे. मी ती गेल्या उन्हाळ्यातही पाहिली.

ओळखता येत नाही म्हटल्यावर राज्यकर्त्यांनी सोपा मार्ग धरला: सरसकट मारा. मुंबईत कंपनी सरकारने वर्षातल्या ठरावीक महिन्यांत भटकी कुत्री मारायची मुभा दिली होती आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत. पैशाच्या लोभाने शिपाई घरांच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धर्माचं स्थान आहे, अंत्यविधीत मृतदेहाला कुत्र्याची नजर लागावी लागते. जून १८३२ मध्ये कोट (आजच्या फोर्ट) भागात पारश्यांनी हरताळ पाळला, दगडफेक झाली, लष्कर बोलवावं लागलं. मुंबईतला हा सुरुवातीचा मोठा दंगा कुत्र्यांवरून झाला, हे आज फारसं कुणाच्या ध्यानात नाही. एवढं करून रोग गेला नाहीच.

रोग लाळेतून जातो हे जर्मनीत गेओर्ग गॉटफ्रीड त्सिंके याने १८०४ मध्ये दाखवलं होतं. पिसाळलेल्या कुत्र्याची लाळ निरोगी कुत्र्याच्या जखमेला लावली, त्याला रोग झाला. पण समोरचं कुत्रं रोगी आहे की नाही, हे खात्रीने सांगायचं साधन त्यानंतरही कितीतरी दशकं नव्हतं.

पाश्चरच्या लशीची गोष्ट सगळ्यांना शाळेपासून माहीत असते. ६ जुलै १८८५, अल्सेसचा नऊ वर्षांचा जोसेफ माइस्टर, अंगावर चौदा जखमा. त्याच्या आदल्या दोन दिवसांत काय झालं ते शाळेत सांगत नाहीत. चावणारं कुत्रं मालकाने मारलं होतं. ते पिसाळलेलं होतं हे कशावरून? पोट फाडून पाहिलं, तर आत गवत, काड्या आणि लाकडाचे तुकडे होते. बस, एवढाच पुरावा. भलतंसलतं खाणं हे रोगाचं लक्षण खरंच आहे, पण उपाशी पिल्लूही काड्या खातं. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध उपचाराचा आधार इतका डळमळीत होता. पाश्चरने तो पुरेसा मानला, कारण थांबून खात्री करायला वेळ नव्हता. त्याने दहा दिवसांत तेरा टोचण्या दिल्या आणि पोरगा वाचला. शंका असतानाच उपचार सुरू करायचा, हा धडा पहिल्याच दिवशी घालून दिला गेला होता.

खात्रीचं साधन १९०३ मध्ये आलं. इटलीतल्या पाविया इथे आदेल्की नेग्री याला रोगी जनावराच्या मेंदूच्या पेशींत गोल, लालसर ठिपके दिसले. त्याला ते परजीवी वाटले. प्रत्यक्षात त्या विषाणूच्या खुणा होत्या. पण निदानापुरता नेग्री बरोबर होता. सूक्ष्मदर्शकाखाली ते ठिपके दिसले की रेबीज. न दिसले तर मात्र ‘नाही’ म्हणता येत नसे, कारण काही रोगी मेंदूंत ते सापडतच नाहीत. ही उणीव १९५८ मध्ये भरून निघाली. चमकणाऱ्या प्रतिपिंडांनी विषाणू थेट दाखवणारी गोल्डवॉसर आणि किसलिंग यांची चाचणी आली, आजही तीच प्रमाण मानली जाते. या सगळ्याला मेंदू लागतो, तोही शाबूत. काठ्यांनी डोकं ठेचलेलं, ओढ्यात दोन दिवस कुजलेलं कुत्रं काही सांगत नाही. माणसं सूड घेतात आणि पुरावाही स्वतःच्या हाताने घालवतात.

आता आपल्या सवयीच्या मुळाशी येऊ. हिंदुस्थानात उपचाराची सोय नव्हती तेव्हा कुत्रं चावलेल्या गोऱ्या सैनिकांना बोटीने पॅरिसला धाडत. १९०० मध्ये कसौलीला पाश्चर संस्था सुरू झाली, १९०७ मध्ये कुन्नूरला. कसौलीच्या डेव्हिड सेम्पलने १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून, फिनॉलने विषाणू मारून लस तयार केली. ती स्वस्त होती, इथे बनवता येत होती. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही मेंढीच्या मेंदूची लस बनत असे. ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ म्हणून आपल्या आजोबांपासून सगळ्यांना माहीत असलेली ती हीच. रोज एक, पोटाच्या कातडीखाली, जाड सुईने. पोट सुजे, ताप येई. लशीत मेंदूचा अंश असल्यामुळे काही जणांना त्यातूनच लकवा होई, क्वचित मरणही येई. डॉक्टरांनाही ती उगाच द्यायची भीती वाटे.

अशा वेळी कुत्र्याचा निकाल हवाच होता, आणि त्याला आधार होता पाश्चरच्याच सहकाऱ्यांच्या कामाचा. लक्षणं दिसण्याआधी दोन-तीन दिवस कुत्र्याच्या लाळेत विष उतरलेलं असतं, हे एमिल रू आणि एदमों नोकार यांनी १८९० मध्ये दाखवलं. विषाणू चाव्याच्या जागेपासून मज्जातंतूंतून मेंदूत चढतो, तिथे वाढतो आणि मग खाली लाळग्रंथींत येतो. म्हणजे ज्याची लाळ आज विषारी आहे, त्याचा मेंदू आधीच धरला गेलेला आहे. असं कुत्रं काही दिवसांत आजारी पडणार आणि मरणार. चावल्यापासून दहा दिवस ते धडधाकट राहिलं, तर चावलं त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. हा हिशेब कुत्र्या-मांजरांपुरताच लागू आहे. कोल्हा, मुंगूस, माकड, लांडगा यांना तो लावायचा नाही.

नियम उत्तम आहे. पण जीवघेण्या लशीच्या काळात लोकांनी त्याचा अर्थ ‘दहा दिवस वाट बघा, मग ठरवू’ असा घेतला आणि तो घराघरांत रुजला. पुढे लस पूर्ण बदलली. पेशींवर वाढवलेली लस आली, इराणमध्ये १९७६ साली पिसाळलेले लांडगे आणि कुत्रे चावलेल्या माणसांवर तिची कसोटी लागली आणि ती सगळी माणसं वाचली. त्याआधी, १९५४ मध्ये, त्याच देशात एका लांडग्याने २९ जणांना फाडलं होतं. डोक्याला जखमा झालेल्यांपैकी नुसती लस मिळालेल्या पाचांतले तिघे गेले, सीरमसुद्धा मिळालेल्या तेरांतला एक गेला. खोल जखम असेल तर लशीबरोबर सीरमही द्यायचं ते तेव्हापासून. आपल्याकडे मेंढीच्या मेंदूची लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. २००६ पासून कातडीत थोडी-थोडी लस टोचायची पद्धत मान्य झाली: चावल्याच्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, दोन्ही दंडांवर. पोटाचं नाव नाही, लकव्याची ती भीती नाही. थांबायचं कारण वीस वर्षांपूर्वीच संपलं आणि थांबायची सवय तेवढी उरली. आता दहा दिवसांचा उपयोग पुढचे डोस थांबवायचे का, हे डॉक्टरांनी ठरवण्यापुरता. सुरुवात पहिल्याच दिवशी.

गोव्याने याच्याही पुढचं पाऊल टाकलं. २०१४ च्या सुमारास तिथे मिशन रेबीज या संस्थेच्या गाड्या जाळी घेऊन वाड्यावाड्यांत फिरू लागल्या, दर वर्षी लाखाच्या घरात कुत्र्यांना लस टोचली गेली, आणि लक्षणं दाखवणारं कुत्रं कुणी कळवलं की त्याच्या मेंदूची तपासणी होऊ लागली. २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित क्षेत्र’ जाहीर झालं. दहांतल्या सात कुत्र्यांना लस मिळाली की साखळी तुटते. कुत्री संपवायची गरज पडत नाही. देशाचं लक्ष्य २०३० आहे. आमच्या तालुक्यात अजून त्यातलं फार थोडं पोचलंय, आणि याचं मला वाईट वाटतं.

गेल्या महिन्यात सहावीतल्या एका मुलाच्या पोटरीला गल्लीतलं पिवळं कुत्रं चावलं. आईने आधी नळाखाली पाय धरला, साबण लावला, त्याच दिवशी लस आणि सीरम झालं. माझ्याकडे आली ती फक्त विचारायला, की कुत्र्याचं काय करू? मी म्हटलं, ताई, मारू देऊ नका, बांधा आणि लांबून खायला घाला. शेजाऱ्यांशी भांडून तिने ते गोठ्यामागे साखळीला बांधलं आणि कॅलेंडरवर रोज एक फुली मारली. दहाव्या दिवशी संध्याकाळी मी गेलो. तोवर पोराच्या लशीच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या. कुत्र्यासमोर तिने काठीने ताटली सरकवली. त्याने शेपूट हलवली, भाकरीचा तुकडा दातांत धरला, चावला, गिळला, आणि दुसऱ्यासाठी भुंकलं. आवाज स्वच्छ होता.