लिफ्टच्या मशीनरूममधला एमसीबी आणि आरसीसीबी

घोडबंदर रोडला काय किंवा नेरूळला काय, गच्चीवरच्या मशीनरूममधला डीबी (खटक्यांची वितरण पेटी) उघडला की एकाच पट्टीवर दोन तऱ्हेचे खटके दिसतात. ज्यावर ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण आहे तो आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा खटका; बाकीचे एमसीबी, म्हणजे जादा करंटला पडणारे. सतत पडतो म्हणून आरसीसीबी काढून तिथे एमसीबी बसवण्याचा प्रकार सर्रास चालतो. तो जिवावर बेतू शकतो.

एमसीबी फक्त करंट किती जातोय तेवढंच बघतो. ३२ अँपिअरचा सी कर्व्ह (रेटिंगच्या ५ ते १० पट करंटला तत्काळ पडणारा) एमसीबी शॉर्ट सर्किटमध्ये १६० ते ३२० अँपिअरच्या दरम्यान तत्काळ पडतो; ओव्हरलोडला मात्र तापत तापत, सावकाश. माणसाच्या अंगातून पाव अँपिअर गेला तरी जीव जाऊ शकतो, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघतो. तफावत ३० मिलिअँपिअर झाली की ०.३ सेकंदाच्या आत लाइन तोडतो. ओव्हरलोड त्याला कळत नाही, त्यामुळे जोडीला एमसीबी हवाच. एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरला, तर आरसीसीबीही वाचवू शकत नाही.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा तो मशीनरूम आणि पिटमधल्या (लिफ्टच्या तळाशी असलेल्या खड्ड्यातल्या) सॉकेटना, केबिनमधल्या दिवा-पंख्याच्या लाइनला. पावसाळ्यात पिटमध्ये पाणी उतरतं आणि मेकॅनिक तिथेच हँडलॅम्प लावून काम करतो. मात्र सगळ्यांच्या डोक्यावर एकच आरसीसीबी नको. मोटरच्या लाइनमधल्या दोषाने तो पडला, तर अडकलेल्या माणसाच्या केबिनमधला दिवाही जातो. लिफ्टचा मेन स्विच बंद केल्यावरही केबिन, मशीनरूम आणि पिटची दिव्याची लाइन चालू राहिली पाहिजे, ती याचसाठी.

मोटरला व्हीएफडी ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) असेल तर गोष्ट वेगळी. ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट कायम अर्थमध्ये जातो, त्यामुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी विनाकारण पडत राहतो. तिथे ड्राइव्ह बनवणाऱ्याने सांगितलेला, बहुधा १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा, टाइप बी (डीसी गळतीही ओळखणारा) आरसीसीबी घ्यावा. साधा टाइप एसी गुळगुळीत डीसी गळती ओळखत नाही. मोटरच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या असाव्यात. खाडीकडच्या खाऱ्या हवेत त्यांचे बोल्ट लवकर गंजतात, ते उघडून साफ करून पुन्हा आवळावे लागतात.

दिव्याच्या लाइनचा आरसीसीबी पडत असेल तर त्याच्या पुढचे सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी चढवा आणि एकेक एमसीबी वर घ्या. ज्याला पडेल त्या लाइनमध्ये दोष. सगळे एमसीबी खाली असूनही पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलाय, कारण सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. मग मेन बंद करून न्यूट्रल लिंकवरून (सगळ्या न्यूट्रल वायर जिथे जोडतात त्या पट्टीवरून) एकेक वायर सोडवायची. दिवा लावताक्षणी पडत असेल तर न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटमधून घेतलेला असतो. लिफ्टमध्ये नंतर पंखा बसवताना हे हमखास होतं.

‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबा, तेही केबिन रिकामी, तळमजल्यावर आणि दार उघडं ठेवून. बटणाने फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासली जाते. अर्थिंगसाठी टेस्टर वेगळा. फोर पोल (तीन फेज आणि न्यूट्रलच्या) आरसीसीबीला न्यूट्रल जोडलेलाच नसेल तर बऱ्याच मॉडेलमध्ये हे बटण चालत नाही. खटका बिघडलाय असं समजून बदलण्याआधी कव्हरवरचं कनेक्शन डायग्राम बघा.