गाईच्या ढेकरेतला मिथेन

रवंथ करत बसलेली गाय थोडा वेळ नीट बघा. गळ्यातून एक गोळा खालून वर सरकताना चक्क दिसतो, मग ती मिनिटभर तो चावत बसते, गिळते, काही सेकंद शांत आणि लगेच दुसरा गोळा वर. मधेमधे ती ढेकर पण देते पण त्याचा आवाज जवळजवळ येतच नाही त्यामुळे आपल्याला कळतही नाही. बऱ्याच जणांना वाटतं की हा गॅस मागून सुटतो, तसं नाहीये, चारा पचताना जो मिथेन तयार होतो त्यातला ९० टक्क्यांहून जास्त तोंडानाकावाटेच बाहेर पडतो.

हा मिथेन गाय स्वतः बनवत नाही. तिच्या पोटाचा पहिला कप्पा, ज्याला कोटीपोट म्हणतात, तो शंभर लिटरपेक्षा मोठा असू शकतो आणि त्यात ऑक्सिजन जवळपास नसतोच. तिथले जिवाणू गवतातला सेल्युलोज फोडतात, जे आपल्या पोटाला अजिबात जमत नाही. त्यात हायड्रोजन सुटतो, तो साठला तर पचनच मंदावेल, म्हणून आर्किया नावाचे दुसरे सूक्ष्मजीव तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन मिथेन बनवतात. एक मोठी गाय अशा प्रकारे वर्षाला साधारण ७० ते १२० किलो मिथेन सोडते आणि जगात गाईबैल आहेत दीड अब्जाच्या आसपास. म्हशी, शेळ्या, मेंढ्या वेगळ्याच.

आता एक प्रश्न नेहमी विचारला जातो आणि तो बरोबरच आहे, की गवताने कार्बन हवेतूनच घेतला होता, गाईने तो परत हवेत सोडला, मग नवीन काय झालं? कार्बनचा हिशोब जुळतो हे खरं, पण गवताने घेतला कार्बन डायऑक्साइड आणि परत गेला मिथेन, आणि घोळ इथेच आहे. मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो, पण किलोला किलो धरला तर १०० वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २७ पट उष्णता अडकवतो आणि २० वर्षांच्या हिशोबाने ८० पट. म्हणजे जनावरांची संख्या तेवढीच राहिली तर हवेत जुना मिथेन विरत जातो आणि नवा येत राहतो, त्यातून जास्तीची गरमी फारशी वाढत नाही. पण संख्या वाढली की लगेच वाढते आणि मिथेन कमी केला तर फरक पण १०-२० वर्षांतच दिसायला लागतो. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत एवढ्या लवकर हे होत नाही, म्हणून मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मध्ये पशुपालनाचा वाटा माणसामुळे होणाऱ्या हरितगृह वायूंच्या (उष्णता अडकवणाऱ्या वायूंच्या) एकूण उत्सर्जनाच्या १४.५ टक्के सांगितला होता, २०२३ च्या अहवालात तो १२ टक्के आला. आकडा खाली आला म्हणजे प्रदूषण घटलं असं समजू नका, हिशोबाची पद्धत आणि माहिती बदललीये. यात फक्त ढेकर नाही, चाऱ्यासाठी आणि कुरणांसाठी तोडलेली जंगलं आहेत (ॲमेझॉनमध्ये तर जंगलतोडीचं सगळ्यात मोठं कारण गुरांची कुरणंच), शेणखत आणि रासायनिक खतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड (हाही उष्णता अडकवणारा वायू) आहे. शेण पाण्यात कालवून टाकीत साठवलं की तिथे पण मिथेन होतो, तोच बायोगॅस म्हणून जाळला तर निदान वाया जात नाही.

उपाय निघालेत. ३-एनओपी नावाची एक पावडर आर्कियांचं मिथेन बनवायचं शेवटचं एन्झाइम अडवते, दुभत्या गाईंमध्ये त्याने मिथेन सुमारे ३० टक्के घटतो. ॲस्परॅगॉप्सिस या लाल समुद्री शेवाळाने काही प्रयोगांत ८० टक्क्यांहून जास्त घट दिसली, पण त्यातलं ब्रोमोफॉर्म हे रसायन कितपत सुरक्षित यावर अजून काम चालूच आहे. अडचण अशी की हे रोजच्या खाद्यात नीट मिसळून द्यावं लागतं, गोठ्यात ते जमतं, पण दिवसभर मोकळी चरणारी जनावरं यातून सुटतात आणि जगातली कितीतरी गुरं अशीच चरतात. तिथे मला तरी जनावराची तब्येत हाच पहिला उपाय वाटतो, कारण आजारी, अर्धपोटी गाय दूध कमी देते पण ढेकरा देतच राहते, त्यामुळे तिच्या एका लिटर दुधामागे मिथेन धडधाकट गाईपेक्षा कितीतरी जास्त पडतो.