शाश्वत विकासाचा पैसा ‘युनो’कडून येत नाही

आमच्या कोल्हापुरातल्या शिरोळ-करवीरकडं ग्रामसभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं: “ती शाश्वत विकासाची सतरा ध्येयं युनोनं लादलीत, पैसाही तेच देतात.” दोन्ही गोष्टी चूक आहेत.

सप्टेंबर २०१५ मध्ये भारतासह १९३ देशांनी ही ध्येयं एकमतानं स्वीकारली. मुदत २०३०. कायद्याची सक्ती नाही. कुठल्या कामाला आधी हात घालायचा, हे प्रत्येक देश स्वतः ठरवतो आणि प्रगतीचा आढावाही युनोपुढं स्वेच्छेनं मांडतो. भारतानं तो २०१७, २०२० आणि २०२५ मध्ये मांडला.

पैसा मात्र आपलाच, करातून आलेला. केंद्रानं ही ध्येयं गावांसाठी नऊ संकल्पनांत बसवली. गरिबीमुक्त गाव, जलसमृद्ध गाव, महिलास्नेही गाव ही त्यातलीच. ग्रामपंचायती आपला विकास आराखडा त्यावरच बेततात. केंद्राच्या करातला वाटा ठरवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) निधीत ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित, म्हणजे राखीव होती. उरलेले ४० टक्के अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचे होते; पगार आणि आस्थापनेवर तेवढे खर्चायचे नव्हते.

२०१९ च्या पुरात ज्यांच्या उंबऱ्यात पंचगंगा शिरली, त्यांच्या गावाची गरज काय आहे हे त्यांनाच ठाऊक; म्हणून त्यांनी तरी अशा अबंधित पैशाचा हिशेब मागावा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आराखडा न्यूयॉर्कला युनोत नाही, आपल्याच ग्रामसभेत मंजूर होतो.