पार्श्वभूमी : दशावतारातल्या स्त्रीपार्टी नटाची कारकीर्द

दशावतार म्हणजे कोकणातल्या जत्रांत रात्रभर चालणारं पौराणिक लोकनाट्य, आणि त्यात बाईची भूमिका करणारा पुरुष म्हणजे स्त्रीपार्टी. अशा कलावंताचा सत्कार झाला की भाषणांत त्याच्या रूपाचंच कौतुक होतं. खरं तर रूप हा त्या कामाचा सोपा भाग. पहाटेपर्यंत टिकणारा आवाज, पायपेटीशी (पायाने भाता चालवायच्या हार्मोनियमशी) जमलेला मेळ आणि आयत्या वेळी सुचणारं बोलणं यांवर त्याची कारकीर्द उभी राहते. गेल्या काही दशकांत बदल झाले तेही याच तीन ठिकाणी.

जुन्या काळाबद्दल थोडक्यात. आडिवऱ्याच्या एका गृहस्थांनी 1728 मध्ये कर्नाटकातून हा खेळ कोकणात आणला असं सांगितलं जातं. पण दासबोध 17 व्या शतकातला, आणि त्या ग्रंथाच्या ‘दशक’ नावाच्या भागांपैकी सहाव्यात दशावतारी खेळात येणाऱ्या, डोळे मोडणाऱ्या सुंदर नारींचा उल्लेख आहे. त्या सगळ्या प्रत्यक्षात ‘धटिंगण’ असतात, असंही तिथे म्हटलंय. तेव्हा 1728 हे साल फार तर एका परंपरेचं धरावं. पुरुषाने लुगडं नेसून उभं राहण्याची रीत त्याच्या आधीची आहे.

मिसरूड फुटण्याच्या वयात पोरगा नाटकमंडळीत येतो तो बहुधा ऋद्धी-सिद्धींपैकी एक म्हणून. आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या पूर्वरंगात, गणपतीच्या बाजूला उभं राहायचं आणि मृदंगाच्या ठेक्यावर पाय टाकायचे. संवाद जवळजवळ नाहीतच, त्यामुळे लक्ष सगळं पायांकडे. मग सखी, दासी आणि पुढे तारामती, द्रौपदी. चाळिशीनंतर अंग सुटतं, आवाज जड होतो. मग कोणी आईची कामं घेतो, कोणी राजपार्टाकडे वळतो, कोणी स्वतःची कंपनी काढतो.

रंगायचं ज्याचं त्याने. ट्रंकेला आरसा टेकवून जमिनीवर बसायचं. पूर्वी पांढरा सफेदा, पिवळी पिवडी आणि तांबडा हिंगूळ असे. गॅसबत्तीच्या पिवळट उजेडात जाड पांढरा थर शोभायचा. हॅलोजन आल्यावर तोच थर मुखवट्यासारखा दिसू लागला आणि फाउंडेशन आलं. यातली नेहमीची चूक दाढीच्या जागी होते. घोटून दाढी केली तरी निळसर झाक राहते. तिच्यावर आधी तांबूस हात द्यावा लागतो, मग त्वचेचा रंग. थेट गोरा रंग लावला तर प्रखर दिव्याखाली हनुवटी करडी दिसते. आधी लावलेलं खोबरेल नीट पुसलं नाही, तर नाटकातल्या पहिल्या युद्धानंतरच गळ्याजवळ ओघळ येतात. नऊवारीचं कारणही व्यवहाराचं आहे. रंगमंचावर सामान म्हणजे एक बाकडं. त्यावर चढायचं, उतरायचं, दैत्याशी झुंजायचं. काष्टा असला की पाय मोकळा राहतो. सहावारीत निऱ्या पायात येतात, आणि पदराला पिन एकच असली तर झटापटीत खांदा उघडा पडतो.

आवाजाचं गणित याहून अवघड. चोरट्या, बारीक आवाजात अख्खी रात्र बोललं तर दुसऱ्या-तिसऱ्या नाटकाला घसा बसतो. जाणते स्त्रीपार्टी आपल्याच आवाजात, पण हळू बोलतात आणि वाक्याचा शेवट वर उचलतात. बाईपण त्या शेवटात कळतं. टांगलेला माइक आल्यापासून हळू बोलणं परवडतं, मात्र नट त्या माइकखाली खिळून राहतो आणि पूर्वी अख्ख्या मांडवभर होणारी चाल चार पावलांवर येते.

आता संयुक्त दशावताराकडे. वेगवेगळ्या कंपन्यांतले गाजलेले कलावंत एका रात्रीसाठी एकत्र आणायचे, ही कल्पना प्रेक्षकांनी उचलून धरली. फलकावर नटांची नावं आली, एका नाइटचे, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाचे, पैसे वाढले, जत्रेबाहेरच्या कंत्राटी प्रयोगांना गर्दी झाली. स्त्रीपार्टी कलावंताला स्वतःच्या नावावर भाव मिळाला तो यामुळेच, हे मान्य करायला हवं. हंगामाच्या मधोमध कलावंत बाहेरच्या नाइटला गेला तर जत्रेचं ठरलेलं नाटक कोणी उभं करायचं, ही मालकांची तक्रारही रास्त आहे. जत्रा देवाची, तिची तारीख पुढे ढकलता येत नाही.

पण पैशांपेक्षा मोठा तोटा खेळाचा आहे. या नाटकाला लिखित संहिता नाही. आख्यान कोणतं आणि प्रवेश कसे, एवढंच रंगपटात (नट रंगतात त्या खोलीत) ठरतं, बाकी समोरासमोर. पदाकडे जायचं असलं की नायिका वाक्याचा शेवटचा शब्द लांबवते, पेटीवाला तेवढ्यावर स्वर देतो आणि मृदंगी तिच्या वळण्यावर तिहाई (तीनदा वाजणारा बोल) सोडतो. हा मेळ वर्षानुवर्षं एका मंडळीत राहून बसतो. संयुक्त प्रयोगात पेटीवाल्याला नवख्या नटाची पट्टी माहीत नसते. स्वर अर्धा सूर वर लागला की वरच्या जागेवर आवाज फाटतो. दोन नामवंत समोरासमोर आले तर कोणी थांबायचं हे ठरलेलं नसतं. सवालजवाब लांबतो, कथा अडकते, आणि मग शेवटचा वध घाईत उरकला जातो. ट्रिकसीनवर, म्हणजे रंगमंचावरच्या चमत्कृतीच्या दृश्यांवर, सगळे टीका करतात. आमच्या मते त्याहून मोठं नुकसान या तालमीविना जमवलेल्या रात्रींनी केलंय.

स्त्रियांची दशावतारी पथकंही आता उभी राहिली आहेत. तिथे राजा आणि दैत्य बायकाच करतात, तेव्हा खरा कस त्यांच्या खर्जाचा लागतो.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली ती ऐन हंगामात. चैत्र-वैशाखाची नाटकं गेली, पुढच्या कार्तिकातल्या जत्रांवरही बंधनं होती. नाइटवर जगणाऱ्याला हातात काम नाही तर पैसे नाहीत. कंपनीतल्यांना निदान मालकाकडे उचल मागता आली. फक्त संयुक्त प्रयोग करणाऱ्यांना तेवढाही आधार नव्हता. हीच अडचण म्हातारपणी पुन्हा येते. राज्याच्या वृद्ध कलावंत मानधनासाठी कामाचे पुरावे जोडावे लागतात, आणि जत्रेच्या नाटकाचं हस्तपत्रक सहसा कोणी छापत नसे. मग मालकाचा दाखला, सत्काराची जुनी चिठ्ठी, वर्तमानपत्रातलं कात्रण असं शोधत बसावं लागतं. ज्याचं नाव फलकावर मोठं होतं, त्याच्याकडे दाखला देणारा मालक नसतो.