कठड्यापुढचा कर्ब गाडी अडवतो की उडवतो?

सिंहस्थ 2027 च्या रस्त्यांचा विषय निघाला की नाशिकमध्ये एक सूचना हमखास ऐकू येते: लोखंडी कठड्यापुढे उंच कर्बही (रस्त्याच्या कडेची सिमेंटची उठलेली कड) बांधा, म्हणजे दुहेरी संरक्षण. ऐकायला पटते. मुंबई-आग्रा महामार्गासारख्या वेगवान रस्त्यावर मात्र हाच कर्ब कठड्याचे काम बिघडवू शकतो.

काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सहा इंची कर्ब पार्किंगच्या वेगातले चाक थांबवतो. ताशी 80 किलोमीटरला चाक त्यावर चढून पलीकडे जाते. कड लागताच टायर चेपतो, स्प्रिंग दबते, चाक वर उचलले जाते. बॉडी जड असल्याने जडत्वामुळे लगेच वर जात नाही. दबलेली स्प्रिंग तिला वर ढकलते, तोपर्यंत सेकंदाचे काही दशांश निघून जातात. हा उशीरच घात करतो. 15 अंशांच्या तिरक्या दिशेने निघालेली गाडी रस्त्याच्या आडव्या दिशेत सेकंदाला साधारण पावणेसहा मीटर सरकते, म्हणजे दर दशांश सेकंदाला अर्ध्या मीटरहून जास्त. बंपर सर्वांत उंच पोचतो तेव्हा गाडी कर्बच्या मीटर-दीड मीटर पलीकडे गेलेली असते. नेमका तिथेच कठडा असेल, तर त्याचा 70-80 सेंटिमीटर उंचीवरचा पत्रा गाडीला बाजूने धरण्याऐवजी तिच्या खालच्या भागाला लागतो आणि गाडी त्यावरून पलीकडे जाऊ शकते. गुरुत्वमध्य उंच असलेल्या पिकअप आणि एसयूव्हींना उलटण्याचा धोका जास्त. शिवाय चाक हवेत असेपर्यंत त्याला पकड नसते. स्टिअरिंग फिरवून, ब्रेक दाबून काही साधत नाही.

अपघात होतात त्या वळणांवर लिंबू-मिरची बांधलेली दिसते, कुणी जागेलाच वाईट म्हणते. उसळीचे कारण मात्र टेपने मोजता येते.

अमेरिकेत 2005 मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचना अशाच मोजमापावर बेतल्या आहेत. ताशी 85 किलोमीटरच्या वर कर्ब 100 मिलिमीटरपेक्षा उंच नको, त्याची बाजू उतरती हवी आणि कठड्याचा दर्शनी पृष्ठभाग कर्बच्या अगदी रेषेत हवा. तसे असले की चाक कर्बवर चढून गाडी उसळण्याआधीच बंपर पत्र्याला भिडतो. ताशी 70 पर्यंत कर्ब 150 मिलिमीटर चालतो, पण कठडा रेषेत नसेल तर तो किमान अडीच मीटर मागे हवा, म्हणजे उसळलेली गाडी खाली बसायला जागा मिळते.

रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला की कठड्याची उंची तेवढ्याने घटते. म्हणून डांबरीकरणानंतर ती पुन्हा मोजायला हवी, आणि कमी भरली तर पत्रा वर उचलून बसवायला हवा.